लिदीचा हिशेब

फ्रीसलँडची जमीन इतकी सपाट
की घोडी आडवी झाली
तर तीन शेतांपलीकडूनही दिसते.

नोव्हेंबरातल्या त्या रात्री सीत्स्के आडवी झाली, उठली,
पुन्हा आडवी झाली,
मान वळवून आपल्याच कुशीकडे पाहत राहिली,
जणू आत कुणी अनोळखी बोलत होतं.
मी म्हणालो, जाऊ दे तिला, चौदा वर्षांची झाली.
येल्त्येनं माझ्याकडे पाहिलं नाही.
कागद ओढून सही केली.

दीड मीटर आतडं काढलं.
डॉक्टर पोरगेलासा, डोळे लाल, गमबूट ओले.
हात पसरून त्यानं लांबी दाखवली,
निसटलेल्या माशाची कोळी दाखवतात तशी.

बिल आलं तेव्हा येल्त्येनं
पणजीचं सोनं विकलं, डोक्याला टोपीसारखं बसणारं,
लग्नात एकदाच घातलेलं.
पणजीनं नुसत्या बटाट्यांवर हिवाळे काढले,
पण ते विकलं नव्हतं.
यावर आम्ही बोललो नाही.
अजूनही बोलत नाही.

डाउवे कुंपणावर रेलून म्हणाला,
एवढ्यात दोन तरणी घोडी आली असती.
खरं होतं.
बघू किती टिकते, म्हणाला, घोडामैदान जवळच आहे.

मग आली ती लांबलचक विश्रांती.
आठ आठवडे पागेतच.
दिवसातून दोनदा दहा मिनिटं, दोर हातात धरून,
गोठलेल्या कालव्याच्या कडेनं,
मूठभर गवत, की परत.
पोटाला रुंद पट्टा, पट्ट्याखाली टाके,
टाक्यांभोवती सूज.
लोण्यात बोट रुतावं तसं रुतायचं,
आणि खळगा किती वेळ राहतो ते मी मोजायचो.

आणि लीद मोजायचो.
जुन्या दुधाच्या वहीत, गाईंचे लिटर मांडायचो तिथंच:
सकाळी सहा, नऊ गोळे, ओलसर.
दुपारी काही नाही.
दुपारी काही नाही, म्हणजे गोळा माझ्या पोटात.
चार वाजता तिनं शेपूट उचललं.
आमच्या चर्चमध्ये कुणी टाळ्या वाजवत नाही.
मी पागेत वाजवल्या.

कुशीला कान लावायला शिकलो, साठीत.
आत दूर कुठंतरी
शेतातलं पाणी उपसणारा पंप सुरू व्हायचा,
थांबायचा.
तो थांबला की मीही थांबायचो, श्वासासकट.

मे महिन्यात पहिल्यांदा मोठं कुरण उघडलं.
वाटलं होतं, उधळेल.
ती नुसती उभी राहिली, वाऱ्याकडे तोंड करून,
एक खूर आपटला,
गुडघे दुमडले
आणि लोळली.

लोळणं दुखण्याचं की सुखाचं
हे दुरून कळत नाही.
मी धावलो, एक लाकडी बूट चिखलात गेला,
मोज्यानंच पोचलो,
तोवर ती उठली होती.
अंग झाडलं, माती माझ्या तोंडावर,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की हा म्हातारा कुठं निघाला एका पायात?

आता तीन वर्षं झाली.
रविवारी येल्त्ये तिला बांधावरून नेते,
चालीनं, कधी दुडकीनं.
खरारा करताना खाली वाकलो की दिसते
काळ्याभोर पोटावर पांढऱ्या केसांची एक रेघ,
थोडी वाकडी.
पोरगेलाच होता तो.
सीत्स्केला काही आठवत नाही. बादली वाजली की खिंकाळते,
डाउवेच्या खिशातलं गाजर चोरते.
तो आता रोज आणतो.

लक्षात आहे ते मला.
रात्री दोनला जाग येते,
टॉर्च, कोट, थंडगार अंगण.
परत येतो तेव्हा येल्त्ये जागीच असते,
माझ्या बाजूचं पांघरूण उचलून धरते.
लोळत होती?
हो.
उठली?
उठली.
लीद?

सात, मी सांगतो.
आणि दिवा न लावता
वही चाचपत राहतो.